दंतरोपणांचे पृष्ठसंस्करण व सूक्ष्मजंतूंची वाढ

पडलेल्या किंवा काढून टाकलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या अस्थीत बसविलेल्या कृत्रिम मुळास दंतरोपण म्हणतात. हे मूळ बहुधा आटे पाडलेल्या स्क्रूच्या आकाराचे असून त्याचा व्यास सामान्यतः ३ ते ५ मिमी. व लांबी ८ ते १५ मिमी. असते. अस्थीने ते घट्ट धरावे म्हणून त्याच्या पृष्ठभागावर यांत्रिक, रासायनिक किंवा विद्युत् रासायनिक क्रिया करतात. या क्रियांना पृष्ठसंस्करण ही संज्ञा आहे. जो पृष्ठभाग अस्थीस मानवतो, तोच पुष्कळदा मुखातील सूक्ष्मजंतूंसही मानवतो. ही अडचण गेली काही दशके दंतवैद्यकापुढे उभी आहे आणि तिचे पूर्ण निराकरण अद्याप झालेले नाही.

रोपणासाठी प्रामुख्याने टायटॅनियम ही धातू वापरतात. (इल्मेनाइट हे तिचे खनिज रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आढळते.) हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडाचा काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मिमी.चा दहा लक्षांश भाग) जाडीचा थर आपोआप तयार होतो. शरीरातील ऊतकांचा (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांचा) संबंध प्रत्यक्ष धातूशी न येता या थराशी येतो. स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे १९५२ च्या सुमारास सशाच्या अस्थीतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता अस्थीत बसविलेले टायटॅनियमाचे उपकरण त्यांना नंतर सुटे करता येईना. अस्थी धातूला थेट चिकटली होती. या आविष्काराला पुढे अस्थिसंयोग असे नाव मिळाले व १९६५ मध्ये गॉथनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर टायटॅनियमाचे दंतरोपण करण्यात आले.

ब्रोनेमार्क यांची रोपणे यंत्रावर कातलेली, म्हणजे बरीचशी गुळगुळीत होती. खालच्या जबड्याच्या पुढील भागातील दाट अस्थीत ती उत्तम टिकत. वरच्या जबड्याच्या मागील भागातील सच्छिद्र अस्थीत मात्र त्यांना अधिक वेळा अपयश येई. यावर उपाय म्हणून पृष्ठभाग खडबडीत करण्यात आला. १९७० नंतरच्या दशकात वितळलेल्या टायटॅनियमाच्या कणांचा फवारा मारून बनविलेली, अतिशय खडबडीत रोपणे वापरात आली. पुढे दाबाखालील हवेच्या झोताने कठीण कण पृष्ठभागावर आदळवून नंतर तो तीव्र अम्लात कोरण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या एका पद्धतीत रोपण धनाग्र म्हणून विद्युत् विच्छेद्यात ठेवून त्यावरील ऑक्साइडाचा थर जाड व सच्छिद्र करतात. हे धनाग्रीकरण होय. आजची बहुतेक रोपणे मध्यम खडबडीत असतात, म्हणजे त्यांच्या उंचवट्या-खळग्यांचे सरासरी मान १ ते २ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) असते. अशा पृष्ठभागावर रक्ताची गुठळी चांगली धरते, अस्थिजनक कोशिका लवकर स्थिरावतात व रोपणावर दात बसविण्यासाठी पूर्वीइतके महिने थांबावे लागत नाही.

आता हेच मान सूक्ष्मजंतूंच्या बाजूने पाहावे. मुखातील स्ट्रेप्टोकॉकस वंशातील गोलाणूंचा व्यास १ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे अस्थीसाठी कोरलेला खळगा जवळजवळ त्यांच्याच मापाचा असतो. त्यात बसलेल्या सूक्ष्मजंतूला लाळेचा प्रवाह, जिभेचे घर्षण व ब्रशाचे केस यांपासून आसरा मिळतो. शिवाय खडबडीतपणामुळे चिकटण्यास उपलब्ध असलेले क्षेत्रफळही वाढते.

सूक्ष्मजंतू उघड्या धातूवर मात्र कधीच बसत नाहीत. मुखात आलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ थर जमतो. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, स्ट्रेप्टोकॉकस ओरॅलिस यांसारखे आद्य वसाहतकार त्यास चिकटतात. त्यांना फ्यूझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा लांबट सूक्ष्मजंतू बिलगतो आणि त्याच्या आधाराने पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस यांसारखे, ऑक्सिजनरहित जागी वाढणारे उपद्रवी सूक्ष्मजंतू वस्ती करतात. स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात गुरफटलेल्या या संघटित वस्तीला जैवपटल म्हणतात. दंतवैद्याच्या बोलण्यातील ‘प्लाक’ तो हाच. पृष्ठभागाची ऊर्जा व जलस्नेह यांचा परिणाम चिकटण्यावर होतो खरा. पण खडबडीतपणा व ऊर्जा या दोहोंत खडबडीतपणाचा प्रभाव अधिक असल्याचे दिसते.

बेल्जियममधील लूव्हां येथील मार्क क्विरिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. त्यांनी एकाच रुग्णाच्या मुखात एका रोपणावर नेहमीचा व दुसऱ्यावर मुद्दाम खडबडीत केलेला जोडखांब (रोपण व कृत्रिम दात यांना सांधणारा, हिरडीतून वर येणारा भाग) बसविला. तीन महिन्यांनंतर हिरडीच्या आत खडबडीत खांबावर सुमारे २५ पट सूक्ष्मजंतू आढळले. पुढील प्रयोगांत असेही दिसले की, सरासरी खडबडीतपणा ०·२ मायक्रोमीटरच्या खाली नेल्यास सूक्ष्मजंतूंची संख्या आणखी घटत नाही. म्हणजे आरशासारखी झिलई देण्याचे श्रम एका मर्यादेपलीकडे वायाच जातात.

यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष सरळ आहे : अस्थीत राहणारा भाग खडबडीत व हिरडीतून जाणारा भाग गुळगुळीत असावा. बहुतेक रोपणांची रचना याच तत्त्वावर केलेली असते. परंतु ही सीमारेषा कायम राहत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात व ते आतल्या ऊतकांचे कुंपणासारखे रक्षण करतात. रोपणाभोवती तंतू बहुधा पृष्ठभागाला समांतर जातात, त्यात रुतत नाहीत. परिदंत बंध व त्यातील रक्तवाहिन्याही तेथे नसतात. त्यामुळे हिरडीत सुरू झालेला शोथ (दाहयुक्त सूज) अस्थीपर्यंत सहज पोहोचतो. याला परिरोपणशोथ म्हणतात. अस्थी झिजून खाली सरकली की अस्थीसाठी खडबडीत केलेले आटे उघडे पडतात आणि जैवपटलाला नवे रान मिळते. कुत्र्यांवरील प्रयोगांत (२००७ व २००८) रोपणाभोवती दोरा बांधून शोथ उत्पन्न करण्यात आला. दोरा काढल्यावरही गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा खडबडीत पृष्ठभागाभोवती अस्थीची झीज अधिक पुढे गेली. धनाग्रीकरण केलेल्या एका प्रकारात ती सर्वाधिक होती. रुग्णांवरील दीर्घकालीन निरीक्षणांत मध्यम खडबडीत रोपणांमधील परस्पर फरक इतका स्पष्ट दिसत नाही.

अमेरिकन अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये रोपणाच्या पृष्ठभागासाठी शरीराच्या कोशिका व सूक्ष्मजंतू यांच्यात शर्यत लागते, अशी कल्पना मांडली. ही शर्यत कोशिकांनी जिंकावी म्हणून अनेक संस्करणे सुचविण्यात आली आहेत. चांदीचे सूक्ष्म कण किंवा प्रतिजैविके यांचा लेप, टायटॅनियम नायट्राइडाचा थर, जंबुपार किरणांनी किंवा आयनद्रायूने (प्लाझ्माने) पृष्ठभाग शुद्ध करणे हे त्यांतील काही होत. नॅनोमीटर मापाच्या नलिका कोरण्याची पद्धत विशेष आशादायक वाटते. कारण ताठ भित्तीच्या सूक्ष्मजंतूला इतक्या बारीक खळग्यात शिरता येत नाही, तर लवचिक कोशिकेला तेथे पकड मिळते. तथापि, काचपात्रात एकाच जातीच्या सूक्ष्मजंतूवर एखाद-दोन दिवस केलेल्या प्रयोगावरून मुखातील कित्येक वर्षांचे भाकीत करणे धाडसाचे आहे. लेपातील औषध कालांतराने संपते, चांदीची मात्रा वाढविली तर ती कोशिकांनाही घातक ठरते आणि लाळेचा थर चढला की नव्या पृष्ठभागाचे वैशिष्ट्य बरेचसे झाकले जाते. जाहिरातींतील दावे वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

एके काळी मोठ्या रुग्णालयांपुरती असलेली ही शस्त्रक्रिया आता मुंबईत कांदिवली-बोरिवलीसारख्या उपनगरांतील लहान दवाखान्यांतही होते. तेथे रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या कंपनीचा स्क्रू?’ हा असतो. खरे पाहता, रुग्णाला पूर्वी पायोरिया झाला होता काय, मधुमेह आटोक्यात आहे काय व तो तंबाखू सेवन करतो काय, हे प्रश्न अधिक निर्णायक आहेत. महाराष्ट्रात गुटख्याच्या विक्रीवर २०१२ पासून बंदी असली, तरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना चोळण्याची सवय, विशेषतः स्त्रियांत, अद्याप आढळते आणि ‘दात घासते’ एवढ्या उत्तरात ती लपून जाते. कृत्रिम दाताचा आकार असा असावा की, त्याखाली दंतांतर ब्रश जाऊ शकेल. तो जात नसेल तर उत्तमातील उत्तम पृष्ठभागही निरुपयोगी ठरतो.

जैवपटल एकदा उघड्या आट्यांवर स्थिरावले की ते काढणे कठीण असते. पोलादी अवजारांनी टायटॅनियमावर चरे पडतात व नवे खळगे तयार होतात. म्हणून प्लॅस्टिक, कार्बन तंतू वा टायटॅनियमाची अवजारे किंवा बारीक चूर्णाचा झोत वापरतात. एवढ्याने भागले नाही, तर हिरडी उघडून आटे स्वच्छ करतात. जेथे अस्थी परत येण्याची आशा नसते, तेथे काही दंतवैद्य उघडे आटे घासून गुळगुळीत करतात, म्हणजे कारखान्यात हेतुपुरस्सर निर्माण केलेला खडबडीतपणा अखेर दवाखान्यात काढून टाकावा लागतो. या क्रियेत रोपणाची भिंत पातळ होते व धातूचे कण आसपासच्या ऊतकांत विखुरतात, त्यामुळे बारीक व्यासाच्या रोपणात ती टाळतात.