काच बदलली, गाडीची नजर तपासली का?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात हिंगणी हे गाव आहे. नागपूर-वर्ध्याकडून बोरधरण आणि बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या ते ओळखीचे आहे. २०१४ मध्ये बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोठ्या, महागड्या गाड्या दिसू लागल्या. त्याच रस्त्यावर गिट्टी-मुरूम वाहणारे टिप्पर असतात, कापसाच्या गाड्या असतात, बैलबंडी असते आणि संध्याकाळी जंगलाच्या कडेने रस्ता ओलांडणारे रोहीही असतात.

समजा, पुढच्या टिप्परवरून गिट्टीचा एक खडा उडाला आणि मागच्या गाडीच्या समोरच्या काचेवर आदळला. आधी हरभऱ्याएवढा डाग दिसतो. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी राहते, मालक आत बसून एसी पूर्ण जोरात सुरू करतो, आणि तापलेल्या काचेला आतून एकदम गारवा लागतो. डागातून निघालेली रेघ बघता बघता हातभर लांब होते. आता काच बदलण्यावाचून इलाज नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे एका दुपारचे काम होते. आज मात्र काच बसवून झाली तरी काम संपलेले नसते, आणि ही गोष्ट अनेक गाडीमालकांना ठाऊक नसते.

काचेमागे बसलेला डोळा

आतल्या आरशाच्या मागे, समोरच्या काचेला लागून एक लहानसा काळा डबा दिसतो. त्यात कॅमेरा असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची वाहने, पायी चालणारी माणसे आणि वेगमर्यादेचे फलक तो पाहतो. पुढच्या बाजूला बहुधा रडारही असते. या दोघांच्या माहितीवरून गाडी चालकाला इशारा देते, गरज पडल्यास स्वतः ब्रेक लावते, पट्टा सोडून भरकटू लागली तर स्टिअरिंगला हलकासा झटका देते. या साऱ्याला मिळून ‘अडास’, म्हणजे चालकाला साहाय्य करणारी प्रणाली असे म्हणतात.

ही सोय आता केवळ परदेशी गाड्यांपुरती राहिलेली नाही. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ती २०२१ साली आली. २०२३ मध्ये टाटाच्या हॅरियर आणि सफारीतही आली. नागपुरात तर २०२१ मध्ये ‘आय-रस्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा यांनी मिळून शहर बसगाड्यांवर अशी उपकरणे बसवली. चालकाला सावध करणे हा एक हेतू होता. इशारे कोणत्या ठिकाणी वारंवार वाजतात ते पाहून, अपघात होण्याआधीच धोक्याची ठिकाणे ओळखायची, हा दुसरा.

या प्रणालीचा सारा भरवसा कॅमेरा कोणत्या दिशेला पाहतो यावर आहे. तो काचेतून पाहतो, त्यामुळे काच हा त्याच्या डोळ्याचाच भाग झाला. बुबुळाचे प्रत्यारोपण झाल्यावर किंवा मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर रुग्णाचा नंबर पुन्हा तपासावा लागतो. ऑपरेशन कितीही चांगले झाले तरी ही पायरी चुकत नाही. गाडीचेही तसेच आहे. नव्या काचेची जाडी, वक्रता आणि कॅमेऱ्याच्या बैठकीची जागा यांत किंचित फरक पडला तरी त्याची नजर हलते. ती पुन्हा जुळवण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात.

अर्ध्या अंशाचा हिशेब

फरक किती पडतो, हे शाळेतल्या भूमितीवरून समजते. कॅमेरा डावी-उजवीकडे एका अंशाने वळला, तर १०० मीटरवरची वस्तू त्याला सुमारे पावणेदोन मीटर बाजूला दिसेल. महामार्गावरची एक मार्गिका साधारण साडेतीन ते पावणेचार मीटर रुंद असते. म्हणजे जवळजवळ अर्ध्या मार्गिकेची चूक झाली. शेजारून जाणारा ट्रक आपल्याच समोर आहे असे गाडीला वाटू शकते, किंवा समोरचा ट्रक शेजारी आहे असे.

वर-खाली झालेली चूक अधिक घातक ठरते. पुढच्या वाहनाची चाके चित्रात क्षितिजाच्या किती खाली दिसतात, यावरून कॅमेरा अंतराचा अंदाज बांधू शकतो. कॅमेरा जमिनीपासून १.४ मीटर उंच असेल, तर ५० मीटरवरचे चाक त्याला क्षितिजाच्या सुमारे १.६ अंश खाली दिसते. कॅमेरा अर्ध्या अंशाने कलला की हाच कोन १.१ अंश मोजला जातो आणि ५० मीटरवरचे वाहन ७३ मीटरवर आहे असा हिशेब निघतो. रडार सोबत असेल तर ते ही चूक काही प्रमाणात सावरते, पण प्रत्येक कामात रडारची साथ असतेच असे नाही.

सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात ५० मीटर सरतात. इथे २३ मीटरची चूक म्हणजे सुमारे पाऊण सेकंद. उलट बाजूने चूक झाली तर रस्ता मोकळा असताना गाडी अचानक ब्रेक मारते, आणि मागून भरधाव ट्रक येत असतो.

कॅमेऱ्याची नजर ढळली की प्रत्येक वेळी डॅशबोर्डवर दिवा लागतोच असेही नाही. आपण तिरपे पाहत आहोत, हे कॅमेऱ्याला नेहमी कळत नाही. लहानपणापासून नंबर असलेल्या मुलाला फळ्यावरचे पुसट दिसते, पण जग असेच असते असे त्याला वाटत राहते. चष्मा लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

काच म्हणजे नुसती खिडकी नव्हे

एडुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये काचेचे एक पात्र पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ थराने ते धरून ठेवले होते. त्यावरून सुचलेल्या थर दिलेल्या काचेचे पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतले. आजची समोरची काच याच तत्त्वावर बनते. काचेच्या दोन पत्र्यांमध्ये साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा लवचीक प्लास्टिकचा थर असतो. आघात झाला की काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण सहसा जागा सोडत नाही. बाजूच्या खिडक्यांची काच वेगळी असते. तिचा फुटून बारीक दाण्यांचा ढीग होतो. जुन्या काळी साध्या काचेमुळे चेहरा, मान आणि डोळे यांना होणाऱ्या भयंकर जखमा या दोन शोधांमुळे पुष्कळ कमी झाल्या.

समोरची काच गाडीच्या सांगाड्यालाही आधार देते. गाडी उलटली तर छत तोलण्यात तिचा वाटा असतो. अनेक गाड्यांत चालकाशेजारची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर ती बाहेर फेकली जाऊ शकते, आणि मग एअरबॅगचा आधारच जातो.

काच पॉलियुरेथेनच्या चिकट पदार्थाने बसवतात. या पदार्थाचे नेहमीचे प्रकार हवेतील बाष्प शोषून कडक होतात. उन्हाळ्यात सगळे लवकर वाळते, ही आपली समजूत इथे अपुरी पडते. विदर्भातल्या मे महिन्यात उष्णता भरपूर असते, पण हवा अगदी कोरडी असते आणि बाष्पाअभावी पकड यायला वेळ लागू शकतो. पदार्थाच्या प्रकारानुसार गाडी सुरक्षितपणे चालवण्याआधी तासाभरापासून एका दिवसापर्यंत थांबावे लागते. किती थांबायचे ते त्या पदार्थाच्या वेष्टणावर लिहिलेले असते. पहिल्या दिवशी एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि दार आपटू नये. बंद गाडीत दार आपटल्यावर हवेचा दाब ओल्या जोडावर येतो.

महागड्या गाड्यांत आणखी एक बारकावा असतो. काहींमध्ये वेगाचा आकडा थेट समोरच्या काचेवर दिसतो. अशा काचेतला प्लास्टिकचा थर वरून खाली किंचित निमुळता केलेला असतो, म्हणजे दोन पत्र्यांवरची प्रतिबिंबे एकमेकांवर बसतात. त्याजागी साधी काच बसवली तर आकडे दुहेरी दिसतात. रात्रीच्या लांब प्रवासात डोळे शिणतात, डोके दुखते, आणि चालक मात्र आपला नंबर वाढला असे समजून चष्म्याच्या दुकानात जातो.

ज्यांचे हात हे काम करतात

गाडीमालकाबरोबर कारागिराचाही विचार व्हायला हवा. पॉलियुरेथेन कडक होण्यापूर्वी त्यात आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. व्यवसायातून होणाऱ्या दम्याच्या ज्ञात कारणांत ती वरच्या क्रमांकावर आहेत. एकदा शरीर त्यांच्याविषयी संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही धाप लागू शकते. जुनी काच कापताना बारीक कण उडतात, हात चिरतात. हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि मोकळी हवा एवढे तरी दुकानात असावे. काम सुरू केल्यावर खोकला आणि छातीत घरघर, सुट्टीच्या दिवशी मात्र आराम, असा क्रम दिसला तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे.

अपघातात काचेचा कण डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये. वरवरचा बारीक कण स्वच्छ पाण्याच्या धारेने निघून जाऊ शकतो. तुकडा रुतलेला दिसत असेल तर तो ओढून काढू नये, पाणीही मारू नये. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी पेला पालथा धरून चिकटवावा आणि थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा.

काय विचारावे, काय करावे

काचेवरचा डाग नाण्यापेक्षा लहान असेल आणि चालकाच्या किंवा कॅमेऱ्याच्या नजरेसमोर नसेल, तर राळ भरून दुरुस्ती होऊ शकते. ती लवकर करून घ्यावी, काच वाचली तर पुढची यातायात टळते. तोवर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि एसी हळूहळू वाढवावा.

काच बदलायचीच असेल तर दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात. ही काच याच मॉडेलच्या कॅमेऱ्यासाठी आहे का? कॅलिब्रेशन कोण करणार आणि त्याचा लेखी अहवाल मिळेल का? गाडी किती वेळाने चालवता येईल? कॅलिब्रेशन दोन प्रकारे होते. एकात सपाट फरशीवर, ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक उभा करून कॅमेरा जुळवतात. दुसऱ्यात उपकरण जोडून, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात. काही गाड्यांना दोन्ही लागतात. टायरमधली हवा बरोबर हवी आणि डिकीत सामान नको, कारण गाडी कलली की कॅमेराही कलतो. पॅकेज विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही, पण कॅलिब्रेशनचा खर्च त्यात धरला आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

ही सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. काच जवळपास बसवली आणि कॅलिब्रेशनसाठी मोठ्या शहरात जायचे असेल, तर तोवर आपोआप ब्रेक लावणाऱ्या व पट्टा सांभाळणाऱ्या सोयी शक्य असल्यास बंद ठेवाव्यात, वेग कमी ठेवावा आणि गाडी पूर्वीसारखी आपल्याच डोळ्यांनी चालवावी.

तसे पाहिले तर कॅलिब्रेशन झाल्यावरही ही सवय सोडू नये. या प्रणाली मुख्यतः वाहने आणि माणसे ओळखायला शिकलेल्या असतात. अंधारात बोरच्या जंगलातून उडी मारून आलेला रोही किंवा दिवा नसलेली बैलबंडी त्यांना वेळेत ओळखता येईल, याची खात्री नाही. सरळ, एकसुरी महामार्गावर गुंगी येते. त्यात ‘गाडी सांभाळून घेईल’ हा भरवसा मिसळला की चालक आणखी सैल होतो. हिंगणीच्या वळणावर संध्याकाळी सायकलने घरी निघालेल्या शाळकरी मुलाला त्या वेळी गाडीची नीट जुळवलेली नजर हवी असते, आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचे उघडे डोळेही.