असील आणि कडकनाथ : अस्सल वाण कसा राखाल?



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कोंबडी पाळणे नवीन नाही. बारवी खोऱ्यातल्या पाड्यांवर आणि मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांत दारापुढे दोन-चार कोंबड्या असतातच. आषाढात गटारी जवळ आली की गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक दारात चालून येते. पण अलीकडे आपल्या भागातली तरुण मंडळी वेगळाच प्रश्न विचारतात. अस्सल असील किंवा कडकनाथ पाळायचा, त्याची अंडी-पिल्ले विकायची, जमल्यास पशुपक्षी प्रदर्शनात पक्षी न्यायचा, तर काय करावे? त्यांच्यासाठी ही पत्रिका.

एक गोष्ट आधीच सांगतो. चांगला कोंबडा पैसे देऊन विकत मिळतो. चांगला वाण मात्र विकत मिळत नाही, तो राखावा लागतो. राखला नाही तर तीन-चार पिढ्यांत दहा हजारांच्या कोंबड्याच्या वंशात साधी सरमिसळ पिल्ले उरतात.

वाण ओळखायचा कसा?

'असील' हा शब्द मूळचा अरबी. आपल्या 'अस्सल' शब्दाचे मूळही तेच. हा पक्षी मुख्यतः आंध्र आणि तेलंगणातला. अंग घट्ट, पिसे आखूड आणि अंगाला चिकटलेली, मान लांब, छाती रुंद, उभे राहणे ताठ, शेपूट खाली झुकलेली. तुरा वाटाण्यासारखा बसका आणि गलोल अगदी लहान. कोंबडा ४ ते ५ किलो भरतो. अंडी फार कमी, पण मादी खुडूक छान बसते आणि पिल्लांना जिवापाड जपते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात १९ व्या शतकात असील आणि इतर झुंजार जातींपासून 'कॉर्निश' जात तयार झाली. आज जगभरच्या ब्रॉयलर कोंबडीत नराच्या बाजूने कॉर्निशचे रक्त आहे. म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानात टांगलेल्या ब्रॉयलरमध्येही असीलचा अंश आहे, बरं का!

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. चोच, तुरा, पाय, कातडी, मांस सारेच काळपट. त्याच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथे एक सावधगिरी घ्या. काळेपणाचा गुण जोरकस असल्यामुळे कडकनाथाचा दुसऱ्या जातीशी संकर झाला तरी पिल्ले कमी-अधिक काळी निघतात. तेव्हा 'काळा म्हणजे कडकनाथ' हा हिशेब खोटा आहे. आई-बाप आणि भावंडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या महाराष्ट्राची म्हणून नोंदलेली जात आहे 'बुसरा'. ती नंदुरबारच्या नवापूर भागात आणि शेजारच्या गुजरातेत सापडते. अंगाने लहान, पण आदिवासी भागातल्या परसात टिकून राहणारी. तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण हौस असेल त्याने जरूर विचार करावा.

कोणताही एकच वाण धरा. तीन वाण एका अंगणात मोकळे सोडले की वर्षभरात एकही उरत नाही.

जुना कोंबडा काढला तरी त्याचा अंमल राहतो

पुष्कळ जण इथेच फसतात. कोंबडीच्या पोटात नराचे बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहते. आज तुम्ही शेजाऱ्याचा गावठी कोंबडा हाकलला आणि असील कोंबडा सोडला, तरी पुढचे तीन आठवडे निघणाऱ्या अंड्यांतून कोणाची पिल्ले येतील याचा भरवसा नाही. म्हणून कोंबडा बदलल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खा किंवा विका, उबवायला ठेवू नका. दुसऱ्याकडून मोठ्या माद्या आणल्या तरी हाच नियम.

आणि कुंपण पक्के हवे. गावठी कोंबडा पाच फुटी जाळी सहज उडून पार करतो. जाळी सहा फूट तरी घ्या आणि वरूनही झाका. वरची जाळी घार, मुंगूस आणि रानमांजर यांच्यापासूनही राखण करते.

तीन खुराड्यांची फेरी

आता तुम्ही म्हणाल, कुंपण घातले, बाहेरचा कोंबडा बंद केला, झाले की! नाही हो. बाहेरचे रक्त थांबले की घरातले रक्त घरातच फिरू लागते. बाप-लेक, भाऊ-बहीण असे जोड लागतात. मग अंडी फळत नाहीत, पिल्ले कवचातच मरतात, पाय वाकडे निघतात, वजन घटते.

साधा हिशेब पाहा. १५ माद्यांत एकच कोंबडा ठेवला तर दर पिढीला रक्तसंबंध सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. त्याच १५ माद्यांत तीन कोंबडे ठेवले तर तो सुमारे ५ टक्क्यांवर येतो. दोन कोंबड्यांच्या खाद्याचा खर्च वाढला, पण वाणाचे आयुष्य कितीतरी वाढले.

यासाठी तीन खुराडी करा. त्यांना क, ख, ग अशी नावे द्या. प्रत्येकात एक कोंबडा आणि पाच माद्या. पिल्ले मोठी झाली की निवडलेल्या तलंगा आपल्या आईच्याच खुराड्यात राहतील. निवडलेला नर मात्र पुढच्या खुराड्यात जाईल : क चा ख मध्ये, ख चा ग मध्ये, ग चा क मध्ये. जुने कोंबडे काढून टाका. फेरीची दिशा दरवर्षी तीच ठेवा. प्रत्येक खुराड्याचा एक राखीव नर वेगळा सांभाळा, कारण ऐन हंगामात कोंबडा मेला तर वर्ष फुकट जाते. काही वर्षांनी दुसऱ्या भरवशाच्या माणसाकडून नवा नर आणावा लागेल. तो आधी दोन माद्यांवर लावून पिल्ले पाहा, मग कळपात घ्या.

खुणा आणि वही

पिल्लू कोणत्या खुराड्याचे, हे महिन्याभराने डोळ्यांनी ओळखता येत नाही. अंडे उचलताच त्यावर पेन्सिलीने खुराड्याचे अक्षर आणि तारीख लिहा. पिल्लू निघाले की त्याच दिवशी पायाच्या बोटांमधल्या पातळ कातडीला बारीक छिद्राची खूण करा : क ला डाव्या पायाला, ख ला उजव्या, ग ला दोन्ही. मोठेपणी पायात नंबराची कडी घाला. एका शंभर पानी वहीत जन्मतारीख, आई-बापाचे खुराडे, आठव्या आठवड्याचे वजन, सहाव्या महिन्याचे वजन, अंडी आणि आजार एवढे लिहा. इंग्लंडात १८६५ साली कोंबड्यांच्या जातींची लक्षणे ठरवणारे पुस्तक निघाले आणि तिथल्या प्रदर्शनांना शिस्त आली. तुमची वही हेच तुमच्या वाणाचे पुस्तक समजा. गिऱ्हाईकही वही पाहून किंमत देते.

अंडी केव्हा आणि कशी बसवावी?

आपल्याकडे कार्तिक ते माघ हा हंगाम उत्तम. मार्चनंतर पारा चाळिशीकडे जातो, अंडी तापतात. जून-जुलैत ओल इतकी की पिल्ले जगवणे कठीण. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिल्ले काढली तर पावसाळ्यापर्यंत ती दणकट होतात, आणि निवडीत गळालेले नर गटारीच्या बाजाराला तयार होतात.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुऊ नका, मळलेली बाजूला काढा. निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवा. खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. कडकनाथ मादी बसायला कच्ची असते. तिची अंडी गावठी किंवा असील मादीखाली बसवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीपुढे अंडे धरून पाहा. लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळले. कोरी अंडी काढून टाका आणि त्यांचा आकडा वहीत लिहा. एखाद्या खुराड्याची कोरी अंडी वाढली तर कोंबड्याकडे पाहा. २१ व्या दिवशी पिल्ले निघतात.

पिल्लांची निगा

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीजवळ ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करा. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला पळाली तर उकडते, सारखी पसरली तर ठीक. खाली भाताचे कोरडे तूस दोन-तीन इंच पसरा. ओले झाले की लगेच बदला, कारण रक्ती हगवण ओल्या तुसातूनच येते.

पहिले आठ आठवडे तयार चिक-स्टार्टर खाद्य द्या. पुढे घरची कणी, मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड आणि सुकट मिसळता येईल. सुकट खारट नसावी, जास्त मीठ पिल्लांना मारते. पेंडीला बुरशी दिसली तर ती गुरांनाही घालू नका, कोंबड्यांना तर नाहीच.

टीका चुकवू नका. मानमोडीसाठी लासोटा पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात, गंबोरोची सुमारे चौदाव्या दिवशी, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात, मानमोडीची मोठी टीका आठव्या ते दहाव्या आठवड्यात. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्या. लस बर्फातूनच आणा.

पूर आणि साथ : सगळी अंडी एका टोपलीत नकोत

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नदीकाठच्या गावात खुराडे जोत्यावर आणि पुराच्या खुणेच्या वर बांधा.

दुसरा धोका बर्ड फ्लूचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा तो सापडला तो आपल्याच नवापुरात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत त्याची लागण झाली. लागणीच्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारावे लागतात. त्यात शेजाऱ्याचा ब्रॉयलर आणि तुमचा दहा वर्षे राखलेला असील असा भेद करता येत नाही. सरकारी भरपाई ठरीव दराने मिळते, पण तुमची दहा वर्षांची निवड तिच्यातून परत येत नाही.

म्हणून वाणाचा एक भाग दुसऱ्या गावी ठेवा. मुरबाडला सासर असेल, कर्जतला मावशी असेल, त्यांच्याकडे एक नर आणि चार माद्या द्या, वहीची नक्कल द्या. अर्धलीने पाळण्याची रीत आपल्याकडे आहेच. बाजारातून आणलेला किंवा प्रदर्शनातून परतलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा. ब्रॉयलर शेडवरून आलेली चप्पल आणि अंड्यांचे जुने ट्रे आत येऊ देऊ नका. एकदम मर लागली तर मेलेले पक्षी नाल्यात टाकू नका, विकू तर मुळीच नका. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

प्रदर्शन आणि झुंज

प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी पक्ष्याला लहान पिंजऱ्याची सवय लावा. रोज हातात घ्या, पाय कोमट पाण्याने धुवा. पीस झडणीत असलेला पक्षी नेऊ नका. परीक्षक आधी उभे राहणे, मग पाय, तुरा आणि पिसे पाहतो. नुसत्या वजनावर बक्षीस मिळत नाही.

असील पाळणाऱ्याला झुंजीचे आमिष दाखवणारे भेटतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांची झुंज लावणे हा गुन्हा आहे. शिवाय झुंजीत जातो तो तुमचा सर्वांत चांगला नर. वय सहा महिन्यांच्या पुढे गेले की नर एकमेकांपासून वेगळे ठेवा आणि मध्ये आडोसा करा, म्हणजे घरातही झुंज होणार नाही.

विक्री करताना

२०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या हमी-खरेदीच्या योजनेत पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे अडकले. 'पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेऊ' असे कोणी म्हणाले तर एक प्रश्न विचारा : ही अंडी शेवटी खाणार कोण? उत्तर सरळ मिळाले नाही तर घरी या.

पहिल्या दोन वर्षांत पिल्ले विकून श्रीमंत व्हायचे स्वप्न पाहू नका. निवडीत गळालेले पक्षी खाण्यासाठीच विका, 'अस्सल' म्हणून विकू नका. आज विकलेला खोटा नर उद्या फिरून तुमच्याच कळपात येतो. कॅम्पात किंवा स्टेशनलगतच्या वस्तीत राहत असाल तर आधी महापालिका किंवा नगरपालिकेत परवानगीचे विचारा आणि शेजाऱ्यांशी बोला. पहाटे चारला आरवणारे तीन कोंबडे सर्वांनाच गोड लागतात असे नाही.

मूळ पक्ष्यांसाठी गोरेगावच्या आरे वसाहतीतील केंद्रीय कुक्कुट विकास संघटना, पुण्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र किंवा हैदराबादचे कुक्कुट संशोधन संचालनालय यांच्याकडे चौकशी करा. मागणी आधी नोंदवावी लागते.

या दिवाळीपूर्वी एवढे करा : एक वाण ठरवा, तीन खुराड्यांची जागा आखा, वही आणा, आणि वाणाचा दुसरा भाग सांभाळणारा नातेवाईक शोधा. पक्षी त्यानंतर आणा. अडचण आली तर पंचायत समितीच्या कार्यालयात येऊन भेटा, वही मात्र सोबत आणा.