दहा हजार पावलांचा धाक नको

मोबाइलवर ३,८०० पावलं दिसली की अनेकांचा चेहरा पडतो. दहा हजार झाली नाहीत, म्हणजे आजचं चालणं वाया गेलं! खरं तर हा आकडा वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून आकडा जगभर पसरला. मनाला फायदा व्हायला इतकं चालावं लागत नाही. २०२२ साली १५ दीर्घकालीन अभ्यासांतली, १ लाख ९० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका, काहीच न करणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आढळला. आणि त्याच्या निम्माच करणाऱ्यांमध्येही तो १८ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे रोज दहा-अकरा मिनिटंसुद्धा फुकट जात नाहीत.

कुठेही चाललं तरी सारखंच, हेही पूर्ण खरं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली काही जणांना दीड तास झाडांमधून चालवलं, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. तेच तेच नकोसे विचार घोळवत राहणं कमी झालं ते झाडांमधून गेलेल्यांचंच. जवळ बाग किंवा टेकडी असेल, तर पाच मिनिटांचा वळसा घ्या.

सगळ्यात घातक समज मात्र वेगळाच आहे: ‘रोज चाल, गोळ्या कशाला हव्यात?’ चालण्याने नैराश्याची लक्षणं कमी होतात, याला चांगला पुरावा आहे. पण डॉक्टरांना न विचारता गोळ्या अचानक बंद केल्या, तर त्रास उलटू शकतो. शिवाय नैराश्यात अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं होतं. तो आळस नाही, आजाराचंच लक्षण आहे. घरातला मुलगा अशा अवस्थेत असेल, तर त्याला दारातून ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ असं सांगून काय होणार? आपण चपला घालाव्यात, पिशवी हातात घ्यावी आणि म्हणावं, ‘चल रे, कोपऱ्यावरून दूध आणू.’ वाटेत तो बोलला नाही तरी चालेल. आज नाही म्हणाला, तर उद्या पुन्हा विचारावं.

आणि जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर चालण्याचा सल्ला बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.