सासूबाई पडल्या, आता?

पावसाळ्यात बिरवाडीसारख्या गावात अंगणं शेवाळतात. सासूबाई घसरतात, खुब्याचं हाड मोडतं. मग घरात एकच सूर, "या वयात कसलं ऑपरेशन? पडून राहू देत, होईल बरं."

मैत्रिणींनो, खरा धोका त्या पडून राहण्यातच आहे! पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणूनच डॉक्टर शक्यतो ४८ तासांत ऑपरेशन करून दुसऱ्याच दिवशी उठवून बसवायला बघतात.

गुठळीची भीती ऑपरेशननंतरही असते. पोटरी सुजली, दुखू लागली तर तेल लावून चोळू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.

आणि हो, अंगणातलं शेवाळ आजच खरवडून टाका!