चौथ्या गोळीपर्यंतचा प्रवास

पुण्यातल्या उद्यान मंगल कार्यालयात १२ नोव्हेंबर १९६४ रोजी सत्यविनायकाची पूजा झाली. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे आणि विष्णू करकरे सुटून आले होते, त्यांच्या स्वागताचा हा समारंभ. भाषणं झाली. लोकमान्यांचे नातू आणि ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर त्या ओघात सांगून गेले की, नथुराम गोडसेचा गांधींना मारण्याचा बेत आपल्याला आधीच कळला होता आणि बाळूकाका कानेटकरांमार्फत तो बाळासाहेब खेरांच्या कानावरही घातला होता. खेर म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री. दोन दिवसांत हे बोलणं वर्तमानपत्रात आलं आणि संसदेत गदारोळ झाला. गोपाळ गोडसे पुन्हा आत गेले, केतकरांनाही अटक झाली.

हत्येला तोवर सोळा वर्षं होऊन गेली होती. खटला संपला होता, फाशी झाली होती, आणि तरी ‘कुणाकुणाला आधी माहीत होतं?’ हा प्रश्न सरकारला अधिकृतपणे विचारावा लागला. चौकशी आयोग आधी गोपाल स्वरूप पाठक यांच्याकडे होता. ते केंद्रात मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आले. त्यांचा अहवाल १९६९ साली आला. गांधीहत्येबद्दल ज्याला काही बोलायचं आहे, त्याने हा अहवाल निदान चाळावा. बहुतेक जण चाळत नाहीत.

या प्रकरणाची एक गंमत (शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) आधीच सांगून टाकतो. केनेडींच्या हत्येत वॉरन आयोगाने एकट्या माणसाचं कृत्य म्हटलं आणि लोक कट शोधत राहिले. आपल्याकडे उलट घडलं. लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला तोच मुळी कटाचा, आणि १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात कट सिद्ध झाला. कट नव्हताच, जे केलं ते मी एकट्याने केलं, असं न्यायालयात सांगत होता तो खुद्द मारेकरी. नथुरामचं ते लांबलचक निवेदन आजही हौसेने वाचलं जातं. पण साथीदारांना वाचवण्यासाठी आरोपीने केलेला तो बचाव होता, हे वाचणाऱ्यांच्या फारसं ध्यानात येत नाही.

नथुराम आणि नारायण आपटे यांना फाशी झाली, पाच जणांना जन्मठेप झाली, सावरकर निर्दोष सुटले. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने सांगितलं होतं की, दादरच्या सावरकर सदनातून नथुराम-आपटे निघाले तेव्हा सावरकर त्यांना ‘यशस्वी होऊन या’ म्हणाले. बडगेची बाकीची साक्ष न्यायालयाने मोठ्या प्रमाणात ग्राह्य धरली, पण या एका मुद्द्याला स्वतंत्र दुजोरा नव्हता. निव्वळ माफीच्या साक्षीदाराच्या तोंडावर कुणाला दोषी ठरवता येत नाही, एवढं साधं कायद्याचं कारण. पुढे शिमल्याला पंजाब उच्च न्यायालयात अपील चाललं. तिथे ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या हेही सुटले.

खरी रहस्यकथा मला वाटते ती २० ते ३० जानेवारी १९४८ या दहा दिवसांची. वीस तारखेला बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी मदनलाल पाहवाने स्फोट घडवला आणि तो जागच्या जागी पकडला गेला. बाकीचे पळाले. नथुराम आणि आपटे मरिना हॉटेलात देशपांडे या नावाने उतरले होते. निघण्याच्या घाईत त्यांचे धुवायला दिलेले कपडे मागेच राहिले आणि त्यांवर ‘एन. व्ही. जी.’ ही अक्षरं होती. मदनलालच्या जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राचा उल्लेख आला. ‘अग्रणी’, म्हणजे नंतरचं ‘हिंदू राष्ट्र’, कोण चालवतं याची नोंद सरकारी यादीत होती. ती यादी काढून बघायला दिल्लीत कुणाला सुचलं नाही.

इकडे मुंबईत रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी २१ जानेवारीला खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना गाठलं. मदनलालने गांधींना मारण्याची बढाई त्यांच्यापुढे आधीच मारली होती. तेव्हा ती त्यांना पोकळ वाटली होती, स्फोटाची बातमी आली तशी वाटेनाशी झाली. मोरारजींनी पोलीस अधिकारी नगरवालांना सांगितलं, अहमदाबादेत सरदार पटेलांनाही सांगितलं. नगरवालांनी करकरेचा शोध सुरू केला, सावरकर सदनावर पाळतही ठेवली. पण त्यांच्या डोक्यात बसलं होतं की हा गांधींना पळवून नेण्याचा डाव आहे! दिल्लीहून आलेल्या पोलिसांशी त्यांचं सूत जुळलं नाही. पुण्याच्या सीआयडीचे उपमहानिरीक्षक राणा तेव्हा दिल्लीतच होते. त्यांच्या हाती मदनलालची जबानी पडली आणि ती घेऊन ते निघाले. विमानाने नव्हे, रेल्वेने, तेही अलाहाबादवरून. ते मुंबईत पोहोचले २७ तारखेला. त्याच दिवशी नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले.

आत्माचरण यांनी निकालपत्रातच लिहून ठेवलं की, या दिवसांत पोलिसांनी थोडी जरी तत्परता दाखवली असती तर हत्या बहुधा टळली असती. कपूर आयोगाने तेच विस्ताराने दाखवलं. हे दुर्लक्ष जाणूनबुजून होतं का? जयप्रकाशांनी हत्येनंतर लगेच पटेलांच्या गृहखात्याला धारेवर धरलं, आणि मौलाना आझादांच्या आत्मकथनामुळे तो संशय पुस्तकात कायमचा नोंदला गेला. मला त्यात तथ्य वाटत नाही. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधींनीच नकार दिला होता. आणि कागद वाचताना जागोजाग भेटतो तो हेतू नव्हे, ढिलाई. ढिलाईला सूत्रधार नसतो, म्हणून तिच्यावर कुणी नाटक लिहीत नाही.

कपूर अहवालातल्या एका वाक्याने मात्र वादाला नवं इंधन पुरवलं. सगळी तथ्यं एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेला कट याखेरीज दुसरा कोणताही तर्क टिकत नाही, अशा आशयाचं ते वाक्य. सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे पोलिसांपुढचे जबाब आयोगासमोर होते. ते खटल्यात कधी तपासलेच गेले नव्हते. सावरकर १९६६ मध्ये वारले होते, तेव्हा उत्तर द्यायला कुणी नव्हतं. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला आयोग दोषी ठरवू शकत नाही हे खरं. हे जबाब वेळेवर न्यायालयात का आले नाहीत, हा प्रश्नही तितकाच खरा.

महाराष्ट्रात हे सगळं मोकळेपणाने बोललं जाणं कठीणच होतं. हत्येनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. मुंबईत जमावाच्या दगडांनी जखमी झालेले नारायणराव सावरकर पुढच्या वर्षी वारले. ज्या घरांनी हे सोसलं, तिथे कट हा विषय निघाला की आधी स्वतःची होरपळ आठवणार. त्या मौनाच्या जागेत पंचावन्न कोटींची गोष्ट अलगद जाऊन बसली: गांधींनी पाकिस्तानला ती रक्कम द्यायला लावण्यासाठी उपोषण केलं, म्हणून त्यांना मारलं. पण ते उपोषण आणि पाकिस्तानला ती रक्कम देण्याचा निर्णय हे १९४८ च्या जानेवारीतले. पाचगणीत गांधींविरुद्ध निदर्शनं झाली ती १९४४ साली, आणि पुण्यात त्यांच्यासाठी निघालेल्या मोटारींवर बॉम्ब पडला तो १९३४ साली. हा क्रम लावला की त्या गोष्टीत फार काही उरत नाही. दुसरा वाद, हत्येच्या वेळी नथुराम राष्ट्रीय स्वयंसेवक संघात होता का, याचा. आपण संघ सोडल्याचं नथुरामने न्यायालयात सांगितलं होतं. गोपाळ गोडसेंनी १९९४ च्या मुलाखतीत नेमकं उलट सांगितलं.

चौथी गोळी आली ती सर्वांत शेवटी. तीन गोळ्या नथुरामच्या बेरेटा पिस्तुलातल्या, पण चौथी कुणी दुसऱ्याने झाडली आणि मागे ‘फोर्स १३६’ ही ब्रिटिश गुप्त संघटना होती, असा दावा घेऊन मुंबईचे संशोधक पंकज फडणीस आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या दिवसांतल्या काही बातम्यांत चार गोळ्या होत्या, हा मुख्य आधार. गोळीबारानंतरच्या पहिल्या तासाभरातल्या बातम्या किती बिनचूक असतात, हे कुठल्याही वार्ताहराला विचारावं. न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं. त्यांनी खटल्याची हजारो पानं पाहिली आणि चौथ्या गोळीला किंवा ब्रिटिश हाताला पुरावा नसल्याचं कळवलं.

याचिका २८ मार्च २०१८ ला फेटाळली गेली. कपूर अहवालातलं ते वाक्य काढून टाकावं, असंही फडणीसांचं मागणं होतं. त्या वाक्यामुळे सावरकर दोषी ठरत नाहीत आणि त्यांच्या निर्दोष सुटकेला बाध येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पण वाक्य काही काढलं नाही. सावरकरांचे चाहते त्या निकालातला पहिला भाग सांगतात, विरोधक दुसरा.