अंधारात अडखळणारं बहिरं मूल

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर एखादं मूल दिवेलागणीनंतर चाचपडायला लागलं, की सल्ला ठरलेला: रातांधळेपणा आहे, गाजर आणि पालेभाजी द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, हे खरंच. म्हणून तर नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे डोस पाजतात. पण डोस घेऊनही अंधारात दिसत नसेल आणि बाजूची नजर आकसत चालली असेल, तर तो रेटिनायटिस पिगमेंटोझा असू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा हा आनुवंशिक आजार जगात साधारण ४,०००त एकाला होतो. तिथे गाजराचा इलाज चालत नाही.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग आनुवंशिक कसा?’ आईबाप दोघंही सदोष जनुकाचे नुसते वाहक असले, तरी त्यांची नजर धडधाकट राहते. मुलाला मात्र दर खेपेला २५ टक्के धोका. आते-मामे भावंडांच्या लग्नात असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, पण परक्या घरातली सोयरीक म्हणजे हमी नव्हे.

मूल बहिरंही असेल, तर कान आणि डोळा ही दोन वेगळी दुखणी धरली जातात. अनेकदा ते एकच असतं: अशर सिंड्रोम. १९१४ साली हा आजार घराण्यातून उतरतो हे ठासून मांडणाऱ्या चार्ल्स अशर या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाचं हे नाव. आतल्या कानातल्या केसपेशी आणि पडद्यातल्या प्रकाशपेशी यांना काही प्रथिनं सारखीच लागतात. एक जनुक बिघडलं की दोन्हीकडे फटका.

आतला कान ऐकतो तसा शरीराचा तोलही सांभाळतो. अशरच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरं असतंच, शिवाय तोलाचं हे यंत्रही निकामी. दीड वर्ष उलटलं तरी ते चालत नाही, आणि घरचे ‘अंगानं जड आहे’ म्हणून सोडून देतात. पुढे डोळे आणि तळपाय यांच्या भरवशावर ते सावरतं. मग आषाढात वीज जाते, भाताच्या खाचराचा बांध निसरडा असतो, आणि दोन्ही आधार एकदम सुटतात. त्याला धांदरट म्हणणं हा अन्यायच. उल्हास किंवा पाताळगंगेच्या गढूळ डोहात तर जिवावरच बेततं: बुडी मारल्यावर वर कुठे, खाली कुठे, हेच कळत नाही.

म्हणून रेटिनायटिसच्या प्रत्येक रुग्णानं धास्ती घेऊ नये. बहुतेकांचे कान ठीक असतात. अशरच्या दुसऱ्या प्रकारातही ऐकू कमी येतं, पण तोल शाबूत राहतो.

‘नजर जाणारच, तर तपासून काय करायचं?’ हा प्रश्न सर्वांत घातक. आज हे मूल ओठ आणि खुणा पाहून समजून घेतं. नजर अरुंद झाली की तेही अवघड होईल. त्याआधी, शक्य तितक्या लहानपणी कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेनं बसवायचं ऐकण्याचं उपकरण) बसलं तर आवाज हाताशी राहतो. त्यासाठी दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणाची तपासणी होते. कर्जत-खोपोलीहून लोकलनं दादरला गाडी बदलली की झालं. डोळ्याच्या पडद्यावर काळे डाग दिसण्याआधीही ईआरजी तपासणीत, म्हणजे प्रकाशाला पडदा देत असलेला विद्युत प्रतिसाद मोजताना, बिघाड सापडू शकतो. कानाचे आणि डोळ्याचे डॉक्टर वेगवेगळ्या खोल्यांत बसतात, तेव्हा मूल कधी चालायला लागलं आणि अंधारात कसं वागतं, हे दोन्हीकडे आपणच सांगायचं.