ब्लाइंड्स हवेत, दोरी नको!

नवा फ्लॅट, नवा ईएमआय आणि खिडक्यांना मस्त ब्लाइंड्स! दिवसभर ऑफिसमध्ये बघून बघून घरीही तसाच लुक हवासा वाटतो. पडदे धुवायची कटकट नाही, जागा अडत नाही, दोरी ओढली की काम झालं. शेड कुठली, कापड कुठलं, सोफ्याला मॅच होईल का, यावर नवरा-बायकोची तासभर चर्चा होते. दोरीबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. घरात रांगणारं किंवा नुकतंच चालायला लागलेलं बाळ असेल, तर पहिला प्रश्न तोच हवा.

कारण ही दोरी जीव घेऊ शकते. अतिशयोक्ती वाटते? अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या आकडेवारीनुसार, तिथे दर वर्षी पाच वर्षांपर्यंतची सरासरी ९ मुलं ब्लाइंड्स आणि पडद्यांच्या दोऱ्यांचा फास बसून दगावतात.

नेमकं होतं काय?

खिडकीला लागून पलंग असतो. बाळ त्यावर चढतं, बाहेरचा काऊ बघायला उभं राहतं. हाताशी मण्यांची साखळी लोंबत असते. ती माळेसारखी गळ्यात घालून बघायचा मोह होणारच! मग पाय घसरतो आणि फास बसतो. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मानेत पुरेसं बळ नसतं आणि श्वासनलिका नाजूक असते. त्यामुळे बाळाला स्वतःला सोडवता येत नाही. अपघात टाळण्यासाठी काम करणारी ब्रिटनमधली ‘रोस्पा’ ही संस्था सांगते, की अशा वेळी १५ सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि दोन-तीन मिनिटांत सगळं संपू शकतं. सर्वाधिक धोका १६ ते ३६ महिन्यांच्या मुलांना. आणि बहुतेक अपघात बेडरूममधले.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे आवाजच येत नाही. गळा आवळल्यावर रडणार कसं? आपण बाहेर हॉलमध्ये बॉसचा फोन घेत असतो आणि वाटतं, बाळ शांत खेळतंय. म्हणूनच ‘आमचं लक्ष असतं’ किंवा ‘घरी आजी असते की’ हे उत्तर इथे पुरत नाही. दोन मिनिटं कुणाचंही लक्ष चुकतं. त्यापेक्षा दोरीच हटवलेली बरी.

बाहेर काय झालं?

डिसेंबर २००९मध्ये अमेरिकेत ५ कोटींहून अधिक रोमन आणि गुंडाळायचे ब्लाइंड्स दुरुस्तीसाठी ‘रिकॉल’ झाले. युरोपने २०१४मध्ये नियम कडक केले. २०१६पासून ‘आयकिआ’ने लोंबत्या दोरीचे ब्लाइंड्स विकणं बंद केलं. अमेरिकेत तयार ब्लाइंड्ससाठी डिसेंबर २०१८पासून, तर माप देऊन बनवायच्या ब्लाइंड्ससाठी जून २०२४पासून नवं मानक आलं. आपण तर बहुतेक वेळा माप देऊनच बनवून घेतो. म्हणजे ऑर्डर देतानाच बोलायची संधी आपल्या हातात आहे!

मग करायचं काय?

* नवे घेताना ‘दोरी नसलेले दाखवा’ असं स्पष्ट सांगा. खालची पट्टी धरून वर-खाली करायचे स्प्रिंगचे ब्लाइंड्स मिळतात. बजेट असेल तर मोटरवाले आहेतच.

* मण्यांची साखळी असेल, तर ती भिंतीला ताणून पक्की बसवून घ्या. सैल लूप राहता कामा नये.

* ओढायची दोरी असेल, तर जमिनीपासून किमान दीड मीटर, म्हणजे पाच फूट उंचीवर हुक लावा आणि प्रत्येक वेळी दोरी त्याला गुंडाळा. नुसती गाठ मारू नका, त्याने आणखी एक फास तयार होतो.

* बाळाचा पाळणा, पलंग, सोफा, खेळण्यांची पेटी खिडकीपासून लांब सरकवा. हा उपाय फुकट आहे आणि आत्ता, या क्षणी करता येतो.

* रोमन ब्लाइंडची मागची बाजू बघा. तिथल्या आणि पट्ट्यांमधून जाणाऱ्या दोऱ्याही ओढून बाहेर काढता येतात. खालचा लूप कापला म्हणजे काम झालं, असं नाही. मुलांच्या खोलीतून असे ब्लाइंड्स काढून साधा पडदा लावा.

* भाड्याच्या घरात ड्रिलिंगला घरमालक ‘नाही’ म्हणतो? मग ब्लाइंड काढून माळ्यावर ठेवा. घर सोडताना परत लावता येईल.

आजोळी, मित्राकडे किंवा हॉटेलात गेलात, तरी आधी खिडकी बघा. बाल्कनीतल्या बांबूच्या चिकालाही दोरी असते, ते विसरू नका.

या रविवारी फक्त दहा मिनिटं काढा. गुडघ्यांवर बसा आणि बाळाच्या उंचीवरून घरातली एकेक खिडकी बघा. पलंगावर, सोफ्यावर चढल्यावर त्याचा हात कुठवर पोचेल, तेही धरा. तेवढ्यात जी दोरी येईल, तिचा बंदोबस्त त्याच दिवशी करा.